एस्टिमेटातला वरचा मजला

आता कुणी नकाशाची गुंडाळी काखेत मारून दारात उभं राहिलं, की मला आधी जांभई येते. खरंच येते, थट्टा नाही. उभं आयुष्य मी दुसऱ्यांची घरं कागदावर बांधली. अलिबागला एका इंजिनियरच्या ऑफिसात एस्टिमेटर होते. म्हणजे घराचा पाया खणायच्या आधीच त्याला जांभ्याचा चिरा किती लागेल, सिमेंट किती, सळई किती आणि शेवटी पैसा किती, हे हाताने काढून द्यायचं काम. निवृत्त होऊन जमाना झाला, पण ते गावाला कोण सांगणार? आगरदांड्याच्या अलीकडच्या या पट्ट्यात कुणाला नुसता संडास बांधायचा झाला तरी ‘जा, त्या म्हातारीला विचार’ म्हणतात. मोबदला म्हणून कधी सुपारी येते, कधी पापलेट येतं, कधी नुसताच आशीर्वाद येतो. त्यातलं पापलेट तेवढं परवडतं.

त्या दुपारी भाभी आली, तेव्हा मी नुकतीच आडवी झाले होते. भाभी म्हणजे माझी जुनी मैत्रीण, माझ्याच वयाची. ती राहते वरच्या मोहल्ल्यात, पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून गेलं की टोकाला. मी खाली रस्त्याला. तिच्या हातात नकाशा बघितला आणि मी डोळे मिटून घेतले.

“झोपेचं सोंग करू नका, वैनी. पापण्या हलतायत.”

“मेले मी. दुसरा कुणी बघ.”

“मरा उद्या. आज ह्यो कागद बगा.”

नकाशा तिच्या नव्या घराचा होता. माझ्या कुंपणाला लागून तिची रिकामी जागा आहे, तिथे बांधायचं. का बांधायचं ते मला ठाऊक होतंच. तिचे मालक, ज्यांना सगळा गाव भाई म्हणतो, ते सगळी उमेदीची वर्षं कुवेतच्या बंदरावर क्रेन चालवण्यात घालवून कायमचे परत आले आणि काही महिन्यांतच त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. आता चाकाच्या खुर्चीत असतात. पण पाखाडीला चाकं काय कामाची? डॉक्टरकडे न्यायचं झालं की मोहल्ल्यातले चार जण त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून खाली आणतात. ज्या माणसाने जहाजांवरून मोठमोठे कंटेनर उचलले, त्याला हे कसं वाटत असेल ते त्याच्या तोंडाकडे न बघताच कळतं. मी बघत नाही.

भाभी म्हणाली, “कंपनीनं शेवटचा हिसाब करून दिलाय तेवढंच हाय. त्याच्यावर एक पैसा येनार न्हाय. तेवढ्यात घर पुरं व्हईल का, हे मला सांगा. त्यांनी आपली गाडी आपल्या हातानं ढकलत दारापर्यंत यावं आनि दारातनं खाडी दिसावी. मला बाकी काय नको.”

‘पुरं’ या शब्दावर तिने जरा जोर दिला. तो का दिला, ते आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. श्रीवर्धनपासून रेवसपर्यंत कुठेही जा, रस्त्याच्या कडेला अशी घरं दिसतील. भिंती खिडक्यांच्या डोक्यापर्यंत आल्या, पैसे संपले, काम थांबलं. आत आता करंज उगवलेत. मालक परदेशात आहे, पुढच्या सुट्टीत पुरं करणार आहे. त्याच्या किती सुट्ट्या येऊन गेल्या ते करंजाच्या बुंध्यावरून ओळखायचं.

“बघते,” मी म्हटलं. हा शब्द मी जन्मभर फार स्वस्तात विकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी टेबलाशी बसले. स्केलपट्टी काढली, दोन चष्मे काढले, एक लांबचा, एक जवळचा, आणि नेहमीप्रमाणे चुकीचा आधी लावला. हाताने एस्टिमेट काढणं म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगितलं तर त्यांना ती एखादी शिक्षा वाटते. घर आधी मनातल्या मनात तुकडे तुकडे करायचं. पाया वेगळा, जोतं वेगळं, भिंती वेगळ्या. लांब भिंती एकीकडे, आखूड भिंती एकीकडे. गंमत अशी की पायातून वर येताना लांब भिंत थोडी थोडी आखूड होत जाते आणि आखूड भिंत थोडी थोडी लांब. भिंत तीच, पण खाली पाया रुंद असतो म्हणून मापं बदलतात. कोपरा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून ही सगळी कसरत. मग प्रत्येक मापाचा गुणाकार, त्यांची बेरीज, त्यातून दारं-खिडक्यांची वजाबाकी, मग दर, मग पुन्हा गुणाकार. शेवटी मान आखडते आणि एक आकडा मिळतो. त्या आकड्याकडे बघून समोरच्या माणसाचा चेहरा पडतो. हा सगळा धंदा असा आहे. चेहरे पाडायचा.

तरुणपणी मला मात्र यात काय धन्यता वाटायची! आठवलं की आता लाज वाटत नाही, हसू येतं. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली अख्ख्या ऑफिसातली एकटी बाई म्हणून पोरगी हवेतच असायची. अंबाड्यात फुलाऐवजी पेन्सिल. पर्समध्ये पावडरच्या डबीशेजारी मोजायची टेप. मला बघायला आले होते तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, ‘मुलीला स्वैपाक येतो ना?’ तर ही बया त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, ‘तुमच्याकडे पण दारावर अशी तिरकी चीर आहे का? नाही, दारावरचं लिंटल दबलं की येते.’ आईने मला पदराआडून असा चिमटा काढला की तो वळ लग्नापर्यंत टिकला. तरी लग्न झालं. सासऱ्यांच्या घरात खरंच दारावर चीर होती.

आणि रुबाब किती! गवंड्यांना ‘क्युबिक मीटर’ म्हणायची. ते बिचारे ‘ब्रास’ म्हणायचे, तर हिच्या भुवया वर. एस्टिमेटाच्या शेवटच्या पानावर सही करताना आपण जणू घराला प्राणच फुंकतोय असं तोंड करायची. अरे बाई, तू बेरीज केलीस. बेरीज!

तर भाभीचं एस्टिमेट. मी दोन दिवस सकाळी बसून केलं. तिसऱ्या दिवशी नात आली आणि काम संपायच्या आधीच त्याला फुटवे फुटले.

नात पनवेलला एका बिल्डरकडे आहे. मी जे करायची तेच ती करते, फक्त तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे आणि तिला पगार इतका आहे की तो ऐकून मला उचकी लागते. जोडून सुट्टी आली की लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येते आणि समुद्राकडे पाठ करून त्यात बघत बसते. माझे कागद बघून ती म्हणाली, “आजी, हे काय हाताने? मी पाच मिनिटांत काढून देते.”

“काढ,” मी म्हटलं. “मी तोवर डाळ लावते.”

डाळ शिजली, भात झाला, आमचं जेवण झालं, मी झोपून उठले, चहा केला, तरी पाच मिनिटं चालूच होती. कारण सॉफ्टवेअरला हिशोब करायला क्षण पुरतो, पण त्याआधी अख्खं घर त्याच्या आत उभं करावं लागतं. प्रत्येक भिंत, प्रत्येक खांब, प्रत्येक दार. शिवाय त्याच्या भांडारात चिराच नव्हता. विटा होत्या, दहा तऱ्हेचे ब्लॉक होते, काच होती, आपला जांभा दगड नाही.

“याला कोकण माहीत नाही,” मी समाधानाने म्हटलं.

“आता होईल माहीत.” तिने एक ब्लॉक घेतला, त्याची मापं बदलली, नाव बदललं, रंग लाल केला. झाला चिरा. माझं समाधान इतकंसंच टिकलं.

दिवेलागणीला तिने पडदा माझ्याकडे वळवला. भाभीचं घर तिथे उभं होतं. बोटाने फिरवलं की फिरत होतं. छप्पर काढून आत बघता येत होतं. पुढच्या दाराला खुर्चीसाठी उतार केला होता, तो इतका लांब की पार माझ्या कुंपणापर्यंत आला होता.

“हे काय, विमान उतरवणार आहेत?”

“आजी, जोतं उंच आहे ना, खाडीच्या पाण्यामुळे. मग उतार पण तेवढा लांब हवा. नाहीतर त्यांना एकट्यांना गाडी चढवता येणार नाही. तू किती धरलास?”

मी किती धरला होता? मी तो ‘पायऱ्या व उतार, अंदाजे’ असा एका ओळीत उरकला होता. उठून उगाच गॅस बघून आले.

मग आम्ही दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. खरं सांगते, मी तिची चूक शोधत होते. तिच्या नकळत मधली एक भिंत पुन्हा हाताने काढून पाहिली, बोटांवर मोजत. तंतोतंत. स्लॅबचं काँक्रीट, तंतोतंत. भिंतींचा चिरा, उन्नीस-बीस. ती पोरगी आनंदाने टाळ्या पिटत होती, “आजी, तू पण कम्प्युटरच आहेस!” आणि मला मात्र इतका थकवा आला की काय सांगू. मान आखडून, डोळे फोडून एवढी वर्षं जे केलं, ते हे यंत्र, एकदा घर आत भरलं की, चहा गार व्हायच्या आत करतं, आणि वर त्याचं काम शिळं होत नाही. एखादी खिडकी हलवली तर मला रात्रभर रबर घासावं लागायचं. इथे ती खिडकी बोटाने सरकवते आणि खालचा आकडा आपोआप बदलतो. खोडरबराचा चुरासुद्धा पडत नाही.

पण एकूण आकडे मात्र जुळत नव्हते. जवळपाससुद्धा नव्हते. माझ्या आकड्यात भाभीचे पैसे गिलाव्याच्या अलीकडे संपत होते. म्हणजे भिंती आणि स्लॅब, पण दारं नाहीत, फरशी नाही, नळ नाही. नातीच्या आकड्यात घर पुरं होत होतं. उतारासकट, न्हाणीघरातल्या धरायच्या दांड्यांसकट, आणि वर थोडे उरत होते.

“कुठे तरी मोठी गडबड आहे,” ती म्हणाली आणि ओळी लावत खाली आली. “हे बघ. पाया. तुझा पाया माझ्या दीडपट आहे. खांब जाड. सळई किती जास्त! आणि हा जिना कुठला?”

“हा काय, नकाशात आहे की. कोपऱ्यात.”

“आजी, तो तुटक रेषेत आहे. तुटक म्हणजे पुढे कधीतरी. आत्ता बांधायचं नाही.”

“अगं पण पाया तरी दोन मजल्यांचाच घालायचा ना?”

“का?”

मी चष्मा बदलून नकाशा पुन्हा बघितला.

का म्हणजे? आमच्याकडे घर असंच बांधतात. एक मजला बांधायचा, पाया दोन मजल्यांचा घालायचा, आणि गच्चीवर खांबांच्या सळया हातभर वर सोडून द्यायच्या. पुढे मुलगा कमावता होईल, त्याचं लग्न होईल, तो वर बांधेल. सळयांना गंज चढू नये म्हणून त्यांच्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पालथ्या घालायच्या. खाडीवरून होडीतून गाव बघितलं की सगळ्या गच्च्या अशा बाटल्यांनी भरलेल्या दिसतात. माझ्या हातून जेवढी एस्टिमेटं गेली त्यांतल्या कुणालाही मी ‘वरती कोण राहणार’ असं विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुटक रेषा दिसली की पेन्सिल आपोआप पाया वाढवायची. कागदावर सगळ्यात फिकट असणारी ती रेषा घरातली सगळ्यात महाग गोष्ट असायची.

“मला कसं विचारावंसं वाटलं सांगू?” नात म्हणाली. “मला नाही वाटलं. सॉफ्टवेअर विचारतं. पहिल्याच पानावर. मजले किती? तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मी एक टाकला.”

यंत्राला लाज नाही, भीड नाही. पहिल्याच पानावर विचारतं.

दुसऱ्या दिवशी भाभीला बोलावलं. तिने दोन्ही कागदांवरचे शेवटचे आकडे वाचले. पहिला वाचताना तिचा हात पदराकडे गेला, दुसरा वाचताना तिथेच थांबला.

“हे खरं हाय? एवढ्यात पुरं होतं?”

“पुरं होतं, भाभीआजी,” नात म्हणाली. लहानपणापासून ती तिला भाभीआजीच म्हणते. “फक्त वरचा मजला कधीच चढवता येणार नाही. पाया एकाच मजल्याचा असेल. वर राहणार आहे का कुणी?”

मी नातीला टेबलाखालून पाय मारला. तो टेबलाच्या पायाला लागला.

भाभीचे दोन मुलगे आहेत. थोरला बापाच्या मागोमाग कुवेतला गेला, बायको-मुलं तिकडेच. धाकट्याने मुंब्र्याला फ्लॅट घेतला. दोघं ईदला येतात, म्हणजे एक येतो, दुसरा फोन करतो, आणि पुढच्या ईदला उलट. हे सगळं मला माहीत होतं, नातीला माहीत होतं, आणि आम्हा दोघींना माहीत आहे हे भाभीला माहीत होतं.

“पोरं आली तर झोपनार कुठं?” ती शेवटी म्हणाली. आवाज चढला होता. “त्यांची पोरं आली तर? अंगनात? त्यांनी काय म्हनायचं, की अम्मीनं आपल्यासाठी जागाच ठेवली न्हाय? आपल्याला मोजलंच न्हाय?”

“हॉलमध्ये गाद्या घालता येतील ना…” नात बोलायला गेली.

“तू गप ग. तुझा हिसाब बरोबर हाय. म्हनूनच गप.”

ती दोन्ही कागद घेऊन उठली. चहासुद्धा घेतला नाही. पाखाडी चढताना एकदाही मागे वळली नाही. नात माझ्याकडे रडवेली होऊन बघायला लागली, “मी काय चूक केली?” मी म्हटलं, “काही नाही. तू विचारलंस. मी कधी विचारलं नाही म्हणून मला सगळीकडे चहा मिळतो.”

नात पनवेलला गेली. भाभी काही आली नाही. मला वाटलं होतं दोन दिवसांत येईल, चिडून का होईना, पण येईल. आमची भांडणं अशीच असतात; माशाच्या कालवणापुरती. या वेळी माशाची वाटीसुद्धा खाली आली नाही. कुंपणापलीकडच्या रिकाम्या जागेत कुणाची तरी म्हैस येऊन चरायला लागली.

मग एक दिवस वरून निरोप आला की भाईंनी बोलावलंय. या गुडघ्यांना ती पाखाडी म्हणजे काय आहे ते माझं मला माहीत. दर वळणावर बसले. एका वळणावर तर तिथेच कायमचं राहावं असं वाटलं, सावली चांगली होती.

भाई ओट्यावर खुर्चीत बसले होते. मांडीवर दोन्ही कागद. वारं गेल्यापासून त्यांचं बोलणं एकेक शब्द शोधून येतं, मध्ये ओठ पुसावा लागतो. भाभी दाराशी, माझ्याकडे न बघता लसूण सोलत होती.

भाईंनी डाव्या हाताने माझा कागद उचलला आणि जिन्याच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे… कुनासाठी?”

मी भाभीकडे पाहिलं. ती लसणीकडे.

“वरती,” मी म्हटलं. “मुलांसाठी.”

ते हसले. अर्धंच तोंड हसलं. “पोरं… लिफ्टच्या घरात ऱ्हातात. आनि मी? मी वर… कसा जानार? क्रेननं?”

भाभी फस्‌कन हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली. लसणीचा हात लागला डोळ्याला, म्हणून आणखी पाणी आलं. “सकाळपास्नं असंच करतायत,” ती म्हणाली. “क्रेन मागवा म्हनतायत.”

भाईंनी माझा कागद बाजूला सारला आणि नातीचा माझ्या हातात दिला. मग खाली, जिथे झाडांमधून खाडीची एक चिंधी दिसते तिकडे, डाव्या हाताने दाखवलं. ठरलं.

उतरताना भाभी माझ्याबरोबर पहिल्या वळणापर्यंत आली. माझा दंड धरून होती. मला आधार देत होती की मला थांबवत होती, ते कळत नव्हतं.

“वैनी, एक करा. पाया त्या पोरीचाच घाला. पन सळया तेवढ्या सोडा ना वर. नुसत्या. दिसायला.”

“तसं नाही करता येत, भाभी. उद्या आपण नसताना कुणीतरी त्या सळया बघेल, त्याला वाटेल खाली पाया आहे, आणि वर मजला चढवेल. घर बसेल.”

“चढवनार कोन हाय आता?” असं म्हणाली आणि स्वतःच जीभ चावली. मग हळू म्हणाली, “गावात एक माझंच घर बोडकं दिसंल. लोक म्हनतील, हिची पोरं येनार न्हाईत हे हिनं लिहूनच दिलं.”

मी घरी येऊन नातीला फोन केला आणि म्हटलं, सळया सोडता येतील का बघ. ती एकदम ताठ. “आजी, अजिबात नाही. तू एस्टिमेटर होतीस आणि तू असं सांगतेस?” बरोबरच होतं तिचं. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली ती पोरगीसुद्धा हेच म्हणाली असती, वर क्युबिक मीटरमध्ये म्हणाली असती.

“बरं,” मी म्हटलं. “मग एक ओळ वाढव. शेवटी. ‘गच्चीवर कपडे वाळत घालण्यासाठी लोखंडी खांब, पातळ, उभे, चार कोपऱ्यांत.’ ते तर चालेल ना?”

“स्लॅबवर प्लेट बसवून लावलेले? खालच्या खांबांना न जोडलेले?”

“नुसते बोल्टने.”

“त्याला काही हरकत नाही.” मग हसू दाबत, “आजी, तू फार बदमाश आहेस.”

“वर बाटल्या पण घालायच्या. ती ओळ नको लिहूस. बाटल्या माझ्याकडे आहेत.”

ती रक्कम इतकी लहान होती की खालच्या आकड्याला कळलीसुद्धा नाही. तिथल्या तिथे टाकली, तिथल्या तिथे बेरीज झाली. हाताने करायची असती तर मला शेवटचं पान पुन्हा लिहावं लागलं असतं, आणि मग ते आणखी एकदा तपासावं लागलं असतं. हे यंत्राचं मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

घर झालं. पुरं झालं. पावसाआधी स्लॅब टाकला, पावसात आतलं काम झालं. अधूनमधून दर वाढले, गवंडी आजारी पडला, चिऱ्याची गाडी एकदा चिखलात रुतली. हे दोन्ही कागदांत नव्हतं, आणि ते उरलेले थोडे पैसे त्यातच गेले. पण दारं लागली, फरशी लागली, नळाला पाणी आलं.

भाईंना प्लास्टिकच्या खुर्चीतून पाखाडी उतरवून आणलं तेव्हा मी माझ्या अंगणात उभी होते. खालच्या रस्त्यावर त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. एक जण मागून ढकलायला पुढे आला, तर त्यांनी डावा हात उचलून त्याला थांबवलं. त्या उतारावर एका हाताने चाक फिरवत, एका पायाने जमीन ढकलत, वाकडेतिकडे, थांबत थांबत ते चढले. इतका वेळ लागला की आणलेले पेढे वितळायला लागले. दारात पोचल्यावर त्यांनी गाडी वळवली, खाडीकडे तोंड केलं आणि दम खात बसले. आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरी बोट मधोमध होती. ती पलीकडे लागेपर्यंत ते आत गेले नाहीत. त्या विमानतळाची मी टिंगल केली होती, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

थोरल्याने व्हिडिओ कॉल केला. भाभी फोन घेऊन घरभर फिरली, मग बाहेरच्या अरुंद लोखंडी जिन्याने गच्चीवर गेली. खालून मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. “ह्ये बघ, इथनं खाडी… व्हय, व्हय, खांब हायत ना… हां, सोडलेत…” मग गडबडीने, “चल, ठेवते, दूध उतू जाईल.” गच्चीवर कुठलं दूध?

त्या संध्याकाळी नात माझ्या गच्चीवर आली होती. माझ्याही गच्चीवर सळया आहेत, माझी धुण्याची दोरी त्यांनाच बांधलेली. त्या माझ्या लेकासाठी सोडलेल्या. म्हणजे हिच्या बापासाठी. हे घर बांधलं तेव्हा तो रांगत होता. आणि ती एस्टिमेटर बाई कडेवर त्याला घेऊन, त्याच्या नाकातला शेंबूड पुसत, त्याच्या बायकोच्या स्वैपाकघराच्या फरश्या मोजत होती! अजून दात न आलेल्या मुलाचा मजला. दोन्ही चष्म्यांतून बघितलं तरी त्या बाईसारखी खुळी मला दुसरी दिसत नाही.

“आजी, यांना आता काही अर्थ नाही,” नात म्हणाली. एका सळईवरची बाटली काढून तिने बोटाने गंज खरवडला, तर त्याचा पापुद्राच सुटला. “गंज खाली उतरला तर स्लॅबला भेगा जातील. बाबा काही इथे येणार नाहीत. ग्राइंडरने कापून टाकूया. अर्ध्या तासाचं काम.”

पलीकडच्या नव्या गच्चीवर भाभी दोरीवर भाईंचे सदरे वाळत घालत होती. खांबांवरच्या बाटल्या माझ्याच होत्या, मागच्या उन्हाळ्यातल्या.

“कापूया,” मी म्हटलं. “पण आज नको. आधी धुणं काढ.”